फॉन्ट दाखवायचा कसा? छापील स्प्रेड आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ

सप्तपर्णी:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आमच्या कॉलेजात अक्षरांचं छोटं प्रदर्शन आहे. प्रत्येकाने एक देवनागरी फॉन्ट निवडायचा आणि त्याच्यासाठी दोन गोष्टी करायच्या: समोरासमोरच्या दोन पानांचा छापील स्प्रेड, उघडल्यावर ए-३ होईल असा, आणि तीस सेकंदांचा उभा व्हिडिओ.

मी 'मुक्ता' निवडलाय. मुंबईच्या 'एक टाइप'चा हा फॉन्ट गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केला. एक्स्ट्रा लाइटपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत सात वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीच्या पायऱ्या, आहेत, देवनागरीबरोबर लॅटिनही आहे, आणि खुल्या परवान्यावर कुणालाही मोफत वापरता येतो. याच घराण्यात गुजरातीसाठी वाणी, गुरुमुखीसाठी माही आणि तमिळसाठी मलार आहेत.

अडचण अशी की हा साधा, शांत फॉन्ट आहे. वर्गातल्या एकीने 'मोदक' घेतलाय आणि तिचं एक अक्षर पानभर टाकलं तरी लोक थांबून बघतात. माझ्या आत्ताच्या आराखड्यात डाव्या पानावर अ ते ज्ञ मोठ्या अक्षरांत आहे, उजवीकडे माहितीचा परिच्छेद आणि सात वजनांची यादी. व्हिडिओत अक्षरं चहूबाजूंनी उडत येऊन 'मुक्ता' असं नाव तयार होतं. सगळं नीट बसलंय, पण बघून काहीच वाटत नाही. फॉन्ट बदलायचा नाहीये. मांडणीबद्दल मोकळेपणाने सांगा.

कोरा_करकरीत:
मोदकच घ्यायला हवा होता असं माझं मत. प्रदर्शनात येणारा माणूस एका चित्रासमोर किती वेळ उभा राहणार? पोटभर जाड अक्षर, आतल्या मोकळ्या जागेची नुसती फट उरलेली, बघताक्षणी आवडतं. साध्या फॉन्टला भिंतीवर न्याय मिळत नाही.

कानामात्रा:
मला उलट वाटतं. मोदक दोन-चार शब्दांच्या शीर्षकासाठी आहे आणि ते काम तो झकास करतो. मुक्ता वाचण्यासाठी आहे. तर मग तो वाचला जाताना दाखवायला हवा, एवढंच.

सप्तपर्णी, अ ते ज्ञ ही यादी आहे. ती कुणी वाचत नाही, नुसती ओळखतं. देवनागरीचं खरं काम सुरू होतं ते अक्षरं एकमेकांना भेटल्यावर. वेलांटी शेजारच्या अक्षरावर कुठपर्यंत झुकते, उकार खालच्या ओळीला किती जवळ येतो, अनुस्वार आणि रफार एका जागी आले की कोण सरकतं, तीन व्यंजनांचं जोडाक्षर उंचीत बसतं का, हे सुट्या अक्षरांत कधीच दिसत नाही. ज्याने फॉन्ट केला त्याची मेहनत मुख्यतः तिथे गेलेली असते, आणि तू तीच झाकून ठेवली आहेस.

शब्द लांबून आणू नकोस. आपल्या जिल्ह्यातली एसटीची पाटी घे. त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी गड, ब्रह्मगिरी, द्वारका, पिंपळगाव बसवंत, येवला, निफाड, ओझर, कळवण, अभोणा, सुरगाणा, बाऱ्हे. यात त्र्यं आहे, श्व आहे, प्त आहे, शृ आहे, ह्म आणि द्व आहेत. झ, ण, ळ आहेत. बाऱ्हे तर खास आपलं मराठी जोडाक्षर आहे. डाव्या पानावर काठापासून काठापर्यंत एकच शब्द: त्र्यंबकेश्वर. उजव्या पानावर वेळापत्रक.

वेळापत्रकात अंकही येतात, ते बहुतेक जण विसरतात. ५ आणि ८ वेगवेगळ्या वळणांनी काढतात, ते या फॉन्टमध्ये कसे आहेत ते बघायला मिळेल. आणि सातही वजनांना खरं काम मिळेल: गावाचं नाव बोल्ड, 'मार्गे' लाइट, वेळ मीडियम. मग वजनांची वेगळी यादी लावायची गरज नाही.

सप्तपर्णी:
कानामात्रा, ही कल्पना फार आवडली! आई रोज एसटीने निफाडला शाळेत जाते, त्यामुळे ती पाटी घरचीच आहे. वेळा मी बसस्थानकावर जाऊन टिपून घेईन.

पण एक विचारू? नाशिक आणि मराठी भाषा दिन म्हटल्यावर कुसुमाग्रजांची कविता घ्यावी असं सरांचं मत आहे. आणि व्हिडिओचं काय करू?

गोदाकाठ:
कवितेचं आधी. त्यांचं निधन १९९९ चं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. कॉलेजच्या चार भिंतींत कुणी काही म्हणणार नाही, पण तू व्हिडिओ नेटवर टाकणार, पुढे पोर्टफोलिओत लावणार. परवानगी मागायची तर आत्ताच माग. दुसरं म्हणजे कविता घेतली की लोक कविता वाचतात, दाद कवितेला देतात. फॉन्ट मागे राहतो. तुझ्या कामात हे उलटं हवं.

शाळामास्तर:
एक सूचना करतो. पांडवलेणी आपल्या शहरातच आहेत. तिथल्या भिंतींवर सातवाहन आणि क्षत्रपांचे ब्राह्मी शिलालेख आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. नहपानाचा जावई उषवदात याने दिलेली दानं, गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं केलेलं वर्णन. देवनागरी त्याच ब्राह्मीची वंशज. व्हिडिओची सुरुवात त्या कोरीव अक्षराने कर, ते हळूहळू बदलत आजच्या अक्षरापर्यंत येऊ दे. नाशिकच्या विद्यार्थिनीने हे केलं नाही तर कुणी करायचं?

कानामात्रा:
मास्तर, शिलालेखांबद्दल तुमच्याइतकीच मलाही ओढ आहे. पण ती लिपीची गोष्ट झाली. तीस सेकंदांत दोन हजार वर्षं आणली की मुक्ताच्या वाट्याला शेवटचे चार सेकंद येतील, आणि त्या चार सेकंदांत मुक्ताऐवजी दुसरा कुठलाही फॉन्ट ठेवला तरी व्हिडिओ तसाच राहील. हीच कसोटी लावा: फॉन्ट बदलला आणि काही बिघडलं नाही, तर ते काम त्या फॉन्टसाठी नव्हतं.

शाळामास्तर:
कसोटी पटली. पण लेण्यांवर असा एक वेगळा व्हिडिओ व्हायला हवा, हे मी सोडत नाही. ब्राह्मीत शिरोरेषा नाही, ती पुढे आली. त्या एका रेघेचा प्रवास मुलांना दाखवण्यासारखा आहे.

फ्रेम_बाय_फ्रेम:
मास्तरांनी नकळत व्हिडिओचा विषय देऊन टाकला. शिरोरेषा!

शाळेत आपण कसं लिहायला शिकलो? आधी अक्षरं, आणि शब्द पुरा झाला की वरून रेघ. सप्तपर्णी, तुझ्या व्हिडिओत तेच होऊ दे. त्र्यंबकेश्वर हा शब्द आधी रेघेविना येईल, अक्षरं लटकल्यासारखी, जरा परकी दिसतील. मग डावीकडून उजवीकडे रेघ धावेल आणि शब्द बांधला जाईल. हे कागद करू शकत नाही. कागदावर शब्द आधीच पूर्ण असतो. एका कामासाठी दोन माध्यमं दिली आहेत, तर दोघांनी एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची? वेळ लागतो ते व्हिडिओला दे. डोळा हवा तेवढा रेंगाळू शकतो, मागे-पुढे जाऊ शकतो, ते कागदाला दे.

आता कामाचं. ऍनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एकेक अक्षर येऊ दे' असा तयार इफेक्ट लावलास तर देवनागरीचा चुराडा होतो. सॉफ्टवेअर टाइप केलेले कोड मोजतं आणि आपण अक्षरं मोजतो. 'शि'मधला इकार टाइप होतो नंतर, दिसतो आधी. जोडाक्षर तर चार-पाच कोडचं असू शकतं. त्यामुळे मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे अशी पळापळ होते. आफ्टर इफेक्ट्सची आवृत्ती जुनी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हे टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं, नाहीतर जोडाक्षरं मुळातच फुटलेली दिसतात. खात्रीचा मार्ग असा: शब्द आधी इलस्ट्रेटरमध्ये नीट लाव, आउटलाइन कर म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतील, मग हाताने गट पाड. 'त्र्यं' हा एक गट, 'ब' दुसरा, 'के' तिसरा, 'श्व' चौथा, 'र' पाचवा. शिरोरेषा कापून वेगळ्या लेयरवर ठेव.

आणि अक्षरं उडत आणू नकोस. उडणारं अक्षर वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याचा फॉन्ट कुठला हे कोण बघणार?

कानामात्रा:
मस्त! पण एक काळजी घे. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर रेघ सलग नसते, तिथे खंड असतो. त्र्यंबकेश्वरला चालून जाईल, पण अभोणा किंवा धोडप घेतलंस आणि रेघ सरळ दामटत नेलीस तर भ चा म झाल्यासारखा दिसेल आणि ध चा घ. रेघ त्या जागी थांबून पुढे उडी मारू दे. खरं तर व्हिडिओतला सगळ्यात सुंदर क्षण तोच होईल. म्हणून दुसरा शब्द अभोणाच घे.

सप्तपर्णी:
ध आणि घ चं हे पहिलीत शिकलो होतो, पण व्हिडिओत वापरता येईल असं डोक्यात आलं नव्हतं. घेते अभोणा.

मुक्ताची सात वजनं व्हिडिओत एकातून दुसऱ्यात वितळत जाताना दाखवता येतील का?

फ्रेम_बाय_फ्रेम:
त्याला व्हेरिएबल फॉन्ट लागतो, म्हणजे वजन सलग बदलता येणारा. 'बालू २' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' तसे मिळतात. मुक्ताची वजनं सुटी आहेत. म्हणून वितळवत बसू नकोस, कट मार. बसचं दार आपटलं, वजन बदललं. कंडक्टरने घंटीची दोरी ओढली, वजन बदललं. स्थानकावर जाशीलच, तेव्हा फोनवर आवाज रेकॉर्ड करून आण: उद्घोषणा, इंजिन, घंटी. सिनेमाचं गाणं लावू नकोस, नेटवर टाकलं की आवाज बंद करतात.

मोजमाप: १०८० बाय १९२०, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सगळे मिळून ७५० फ्रेम. खालच्या भागावर मोबाइलमध्ये नाव आणि बटणं येतात, तिथे मजकूर नको. प्रत्येक शब्द मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर स्थिर राहू दे. तू स्वतः शब्द शंभरदा पाहिलेला असतोस, त्यामुळे तुला तो लांबल्यासारखा वाटणार. घरातल्या कुणाला तरी दाखवून वेळ ठरव.

कोरा_करकरीत:
आता मलाही पटायला लागलंय. पण उजव्या पानावर सगळं वेळापत्रकच? गच्च भरलेलं पान कुणी बघत नाही.

मॅपलिथो:
उशिरा आलो, लग्नसराईचं काम चालू आहे. आमचा छापखाना दोन पिढ्यांचा. वडील खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. तेव्हा एकट्या देवनागरीला एवढे खण लागत की जुळारी खणांच्या पेटीपुढे उभा राहून दिवसभर हात पसरत असे. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर सुरू केला आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्यांच्या टायपांवर पुढच्या कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या. त्याआधी गणपत कृष्णाजींनी १८३१ ला पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. हे अशासाठी सांगतो की तेव्हाही टायपाची परीक्षा पंचांग, पोथी अशा रोजच्या वापरातल्या कामावर होत असे. वेळापत्रकाची कल्पना त्याच जातीची आहे. करच.

पान गच्च होईल ही शंका बरोबर आहे. वेळापत्रक पानाच्या खालच्या दोन तृतीयांशात बसव, वरचा भाग कोरा सोड. मजकूर १० पॉइंट ठेवलास तर ओळ १५ वर ठेव, म्हणजे एका ओळीपासून दुसरीपर्यंत १५ पॉइंट. लॅटिनच्या सवयीने १२ ठेवलंस तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा भांडतील. अक्षरांमधली जागा मात्र वाढवायची नाही, अजिबात. ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते. मोकळं हवं असेल तर शब्दांमधली जागा वाढव, समास वाढव.

आता घडीचं. काठापासून काठापर्यंत एक शब्द म्हणतेस, तो दोन्ही पानांवर जाणार असेल तर ऐक. पुस्तकात हा स्प्रेड मधोमध, पिनेच्या जागी असेल तरच डावं-उजवं पान एकाच कागदावर येतं. इतरत्र ती दोन पानं वेगळ्या कागदांवर छापली जातात आणि बांधणीत एखादा मिलिमीटर खालीवर होतोच. चित्रात तो खपून जातो. शिरोरेषेत खपत नाही, पायरी दिसते. तुझा स्प्रेड एकच घडीचा कागद असेल तर हा धोका नाही, पण तरी घडी दोन अक्षरांच्या मध्ये येईल असं बघ. 'श्व'च्या पोटातून घडी गेली तर बघवणार नाही. आणि डिजिटल प्रिंटवर घडीच्या रेषेत टोनर फुटतो, काळ्यात तर पांढरी चीर पडते. म्हणून आधी क्रीजिंग करून घे, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडून घे, आणि कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, घडीला समांतर माग.

कागदाचा आकार: ए-३ ला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून टाकायची जादा छपाई, धरलं की ४२६ बाय ३०३ मिलिमीटर होतं. बारा-अठरा इंचांच्या शीटवर ते अगदी काठाला टेकतं, कापायच्या खुणांना जागाच उरत नाही. तेरा-एकोणीस माग. कागद बिनचकाकीचा मॅपलिथोच घे, आर्ट पेपर नको. चकाकी आली की दिव्याखाली अक्षर एका बाजूने दिसत नाही.

काळ्यावर पांढरी अक्षरं करणार असलीस तर एक्स्ट्रा लाइट वापरू नकोस. मॅपलिथोवर शाई पसरते आणि बारीक पांढरी रेघ गिळून टाकते. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेव, चार रंगांत नको, नाहीतर कडांना रंगीत सावली येते. आणि व्हिडिओत एसटीचा लालभडक रंग जसा पडद्यावर दिसतो तसा कागदावर उतरणार नाही. कागदाचा लाल आधी ठरव, मग व्हिडिओचा त्याच्या जवळ आण.

गोदाकाठ:
काकांची पोस्ट वाचनखूण म्हणून साठवली.

कानामात्रा:
+१. फाइलबद्दल माझी भर. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावलाय ना ते तपास. नसेल तर वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि हलंत उघडे दिसतात. भाषा 'मराठी' निवड. कित्येक फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि भाषा सांगितल्यावरच ती येतात. येवला आणि शिंदे हे दोन शब्द मोठे करून बघ. वळण बदललं तर उत्तम, नाही बदललं तर ग्लिफच्या खिडकीत, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या आकारांच्या तक्त्यात, शोध. 'टिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये तर मराठी वळणं मुळातच दिलेली आहेत, तुलनेला शेजारी ठेवून बघायला चांगला आहे.

'बाऱ्हे' टाइप करताना साधा र घेऊ नकोस, त्याचा रफार होऊन 'बार्हे' दिसेल. नुक्ता असलेला ऱ, मग हलंत, मग ह. छापखान्यात फाइल देताना पीडीएफच दे आणि ती तिथे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दुरुस्त करू देऊ नकोस. दुरुस्ती असेल तर घरी येऊन तूच कर.

सप्तपर्णी:
सगळ्यांचं वाचून नवा आराखडा केलाय.

स्प्रेड: डावीकडून सुरू होऊन उजव्या पानात शिरणारं एकच 'त्र्यंबकेश्वर', एक्स्ट्रा बोल्डमध्ये. घडी 'के' आणि 'श्व'च्या मध्ये. त्याखाली उजव्या पानावर बारा गावांचं वेळापत्रक, १० वर १५. डावीकडे तळाशी लहान अक्षरांत फॉन्टचं नाव, करणाऱ्यांची नावं, परवाना. बाकी कोरं. माहितीचा परिच्छेद काढून टाकला.

व्हिडिओ: रेघेविना 'त्र्यंबकेश्वर', मग रेघ. मग 'अभोणा', रेघ भ वर थबकून उडी मारते. मग वेळापत्रकाच्या ओळी एकेक करून, घंटीबरोबर वजन बदलत. शेवटी फॉन्टचं नाव.

सरांना दाखवलं. कवितेचा आग्रह त्यांनी सोडला, पण इंग्रजी कुठेच नाही, मुक्तात लॅटिनही आहे तर तेही दिसायला हवं असं म्हणाले.

कोरा_करकरीत:
सरांचं बरोबर आहे. दोन लिप्या शेजारी नीट दिसणं ही या फॉन्टची मोठी बाजू आहे.

कानामात्रा:
बरोबर आहे, पण मुद्दाम इंग्रजी ओळ टाकू नकोस. बसच्या नंबर प्लेटवर एमएच रोमनमध्ये असतंच. वेळापत्रकाच्या कडेला गाडी क्रमांकाचा एक रकाना कर. जिथे ती अक्षरं खरोखर असतात तिथेच ती येतील. दोन्ही लिप्यांची उंची आणि जाडी एका ओळीत बघायला मिळेल.

सप्तपर्णी:
हो! आणि तो रकाना लाइटमध्ये ठेवते. मॅपलिथोकाका, प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, कधी काढू? कॉलेजच्या प्रिंटरवर काढलेलं चालेल?

मॅपलिथो:
मांडणी बघायला चालेल. रंग आणि बारीक अक्षर बघायला नाही. ज्या दुकानात अंतिम छपाई करणार तिथेच, त्याच कागदावर एक प्रत काढ. ती भिंतीवर लाव आणि प्रदर्शनात माणूस जितक्या अंतरावर उभा राहील तितक्या अंतरावरून वाच. १० पॉइंट तिथून वाचलं गेलं नाही तर वेळापत्रक ११ वर ने आणि दोन गावं कमी कर. अभोणा आणि बाऱ्हे सोडून कुठलीही दोन.

सप्तपर्णी:
ओझर आणि द्वारका काढते मग. झ जातोय याचं वाईट वाटतंय.

कानामात्रा:
द्वारका काढ, ती चौकाची पाटी आहे, गावांच्या यादीत तशीही बसत नव्हती. ओझर ठेव, पिंपळगाव बसवंत काढ. लांब नाव आहे, जागा त्यानेच सगळ्यात जास्त खाल्ली होती.